जांभळ्या चौकटीवरचा डाग

प्रति,
मा. न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग,
परंडा, जि. उस्मानाबाद

विषय : सोमवार, ता. ९ मे रोजीची पोलीस ठाण्यातील हजेरी माफ करणेबाबत.
संदर्भ : जामिनाचा हुकूम, ता. १८ एप्रिल १९८३.

महोदय,

१. अर्जदार द्वारकाबाई हिचे पती पिराजी नलवडे यांच्या फुप्फुसात कर्करोगाची गाठ आहे. मुंबईचे डॉक्टर तीन औषधांची इंजेक्शने एकत्र देतात. उपचार नवा आहे, आम्हीही शिकतच देतो आहोत, असे ते मोकळेपणाने म्हणाले. दोन खेपांत लिंबाएवढी गाठ हरभऱ्याएवढी झाली. पण खेप चुकली तर ती दुप्पट जोराने उसळते. तिसरी खेप ९ मे रोजी आहे. तेव्हापासून छातीवर विजेचे किरणही द्यायचे आहेत.

२. किरणांची जागा म्हणून डॉक्टरांनी छातीवर जांभळ्या शाईने चौकट आखली व अंघोळ करू नका, खूण पुसेल, असे बजावले. या दुष्काळात अंघोळीला पाणी होते कुणाकडे! पुढे पतीचे केस गळाले, अन्न उलटून पडू लागले. धाकटे दीर बलभीम यांनी ती चौकट पाहिली. लहानपणी पोटावर डागण्या दिल्या म्हणूनच आपण जगलो, अशी त्यांची खात्री. ते म्हणाले, "वैनी, दागदरानं जागा आखून दिलीया. डाग आपुनच द्यायचा." अर्जदाराने त्यांना हाकलले.

३. अर्जदार टँकरवर पाण्याला गेली असता चौघांनी पतीचे हातपाय दाबून धरले व बलभीम यांनी तापवून लाल केलेला विळा चौकटीत चार वेळा टेकवला. कातडी विळ्याला चिकटून आली. किंकाळी ऐकून अर्जदार धावत आली, तोच विळा हिसकावून तिने मारला. बलभीम यांची दोन बोटे मातीत पडली. पश्चात्ताप झाला असे लिहा, असा सल्ला मिळाला; तो अजून झालेला नाही.

४. हजेरी टळणार नाही, रोग्याला फिर्यादी भावानेच मुंबईला न्यावे, असे ठाण्याच्या जमादारांनी सुचवले. म्हणजे ज्याने डागले त्याच्याच हाती! पती कोणाही पुरुषाला छातीजवळ येऊ देत नाहीत. पट्टी बदलणाऱ्या कंपाउंडरचे मनगट त्यांनी रक्त येईतो चावले.

५. जखम आता भरली आहे. शाई गेली, डागांची चौकट मात्र जागच्या जागी आहे, ती पुसणार नाही. बलभीम रोज दारात येऊन बसतात, आत येत नाहीत. हजेरी माफ व्हावी. न झाल्यास अर्जदार शनिवारी पतीला घेऊन कुर्डुवाडीच्या एस.टी.त बसेलच, परतल्यावर खुशाल पकडावे.

आपली नम्र, पण थांबू न शकणारी,
द्वारकाबाई पिराजी नलवडे (अंगठा)
ता. ५ मे १९८३

सोबत :
१. मुंबईच्या डॉक्टरांची चिठ्ठी.
२. जखम भरल्याचा दाखला.
३. हजेरी माफ करण्यास फिर्यादी बलभीम यांची संमती. सही डाव्या हाताने केली असल्याने वळण जुळणार नाही.