बिनसाखरेचे दिवस

यवतमाळ, ३ सप्टेंबर १९६२

चि. शीलास अ. उ. आशीर्वाद.

नागपूरच्या डॉक्टरांचा रिपोर्ट आज आमच्या पत्त्यावर आला. कॅन्सर नाही! लघवीत वारंवार जंतू होऊन मूत्राशयात सुजेच्या पिवळ्या गाठी धरल्या आहेत. असा रोगी डॉक्टरांनी उभ्या जन्मात दुसऱ्यांदाच पाहिला म्हणे. तुझं दुखणंसुद्धा बाई चारचौघींसारखं नाही! गोळ्या पाच-सहा महिने घ्यायच्या, पाणी भरपूर प्यायचं. शाळेत तुम्हा शिक्षिकांना लघवीला जायची सोय नाही म्हणून दिवसभर तहान मारतेस, ते आता बंद.

रिपोर्ट रजिस्टरने पाठवते. आईला वाचून दाखव आणि एसटीत बसवून दे. दसऱ्याला माझे दिवस भरतात. इथे पोरं आजी-आजी करतात आणि आजी महिनाभर तुझ्या उशाशी! हेवा वाटतो, लपवत नाही.

तुझी सुमेधाताई

घाटंजी, १२ सप्टेंबर

सौ. सुमेधास आईचे आशीर्वाद. मी सांगते, शीला लिहिते आहे.

रिपोर्टाची वाट पाहून डोळे शिणले. तो येईपर्यंत मी साखर सोडली आहे. शेजारच्या सुखीबाई म्हणतात, कायले घोर करता, पोरगी बरी होऊन राह्यली. पण अशा पोरीला टाकून कशी येऊ? तुझं हे चौथं, तुला सगळं ठाऊक आहे. जपून राहा.

यवतमाळ, १५ सप्टेंबर

चि. शीलास आशीर्वाद.

रजिस्टरची पोहोचपावती समोर आहे. सही तुझी, तारीख सहा. आईला वाचता येत नाही म्हणून हे धाडस? ती बिनसाखरेचा चहा पिते आणि तू बघत बसतेस? पुढच्या रविवारी हे येऊन तिच्यासमोर रिपोर्ट वाचतील. त्याआधी तू वाचलास तर मी गप्प राहीन. फार राग आला आहे. तरी गोळ्या चुकवू नकोस.

सुमेधा

घाटंजी, १८ सप्टेंबर

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

काल रिपोर्ट वाचला. आईने देवापुढे साखर ठेवली, माझ्या तोंडात घातली आणि लगेच तुझ्यासाठी डिंक निवडायला बसली. शुक्रवारच्या गाडीने येते आहे. भावजींना हेलपाटा नको. कागद सहालाच आला होता, हे तिला सांगितलेलं नाही. सांगायचं तर तू सांग.

रोज सकाळी चहा देताना म्हणायचे, आज सांगू. पण ती माझी वेणी घालायची, गोळी हातावर ठेवायची, रात्री कूस बदलली तरी काय होतंय विचारायची. ताई, हेवा तुझ्यापेक्षा मला जास्त. तुला आई तीन बाळंतपणांना मिळाली, आता चौथ्याला मिळेल. माझ्या वाट्याला हे एवढं एकच दुखणं आलं, तेही बरं होणारं निघालं.

राग सरला की दोन ओळी टाक. नाही सरला तरी टाक.

तुझी शीला