भिमामावशीचं नाणं

नाशिक, २० जुलै १९८३

प्रिय चांगुणा,

बेचाळीसच्या लढ्याची आठवण म्हणून आपल्या चौकात दगडी स्तंभ उभा राहिलाय. पंधरा ऑगस्टला उद्घाटन. त्या दिवशी वाटायला कमिटीने पितळेचं नाणं काढायचं ठरवलं आणि त्याचा ठसा कोरायचं काम आमच्या अब्बांकडे आलं. एका बाजूला स्तंभ, दुसऱ्या बाजूला झेंडा घेतलेला माणूस. पण गेल्या वर्षीच्या आजारपणापासून अब्बांचा उजवा हात थरथरतो. काम परत करायला निघाले होते. मी म्हटलं, मी कोरते. त्यांनी स्वतःची कोरणी माझ्यापुढे सरकवली.

माणूस काढायला समोर कुणीतरी हवं होतं. मला एकच नाव सुचलं. मिरवणुकीत झेंडेवाल्यावर लाठ्या पडल्या तेव्हा झेंडा उचलून थेट गोदाघाटापर्यंत नेणारी पोरगी म्हणजे तुझी आई, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. भिमामावशी आधी नको नको म्हणाली. मग कासोटा घट्ट खोचून, वाळवणाची काठी धरून आमच्या अंगणात उभी राहिली. हात भरून आला की मला शिव्या द्यायची आणि पुन्हा उभी राहायची. ठशावर सगळं उलटं कोरावं लागतं. मेणावर दाबून पाहिलं तर काठी डाव्या हातात. घासून पुन्हा सुरुवात केली.

कमिटीतले एक जण म्हणाले, "बाई कशाला? धोतरातला माणूस काढा."

अब्बा म्हणाले, "झेंडा हिनं नेला. धोतर कुणाला नेसवू?"

सगळे हसले आणि नाणं मंजूर झालं. कोरलं कुणी विचारल्यावर अब्बांनी भर सभेत माझं नाव घेतलं. तेव्हापासून दुकानात गिऱ्हाईक आलं की मलाच हाक मारतात. तू असतीस तर मी तुला गच्च मिठी मारली असती.

काल पहिलं नाणं मावशीच्या हातावर ठेवलं. बघत राहिली, मग म्हणाली, "नाक आमच्या चांगुणाचं आलंय." तू स्वतःच्या मनाने लग्न करून नागपूरला गेलीस, त्याला चार वर्षं झाली. एवढ्या दिवसांत तिच्या तोंडून तुझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. पदराने डोळे पुसून म्हणाली, "तिला लिही. उद्घाटनाचा झेंडा कमिटीने मला फडकवायला सांगितलाय, पण ती आणि जावई आल्याशिवाय दोरीला हात लावणार नाही." तुझे वडील ओट्यावरून ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "गाडी कधीची ते कळवायला सांग. स्टेशनवर मी जाईन." म्हणून हे पत्र. गोटीरामभाऊंना घेऊन ये.

वाट पाहणारी, तुझीच
सुरय्या