जीप, प्रमाण एकास चोवीस

४ ऑगस्ट, रविवार
आजपासून नोंदी ठेवायच्या. त्याने कामाला शिस्त लागते.
साखर कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंटेशन विभागात आहे. दाब, तापमान, प्रवाह मोजणारी सगळी उपकरणं माझ्या सहीशिवाय बसत नाहीत. घरी मात्र माझ्या छंदाला कोणी गांभीर्याने घेत नाही.
छंद: मोटारींची स्केल मॉडेल. प्लास्टिकचे सुटे भाग डब्यात येतात. ते कापायचे, जोडायचे, रंगवायचे आणि खऱ्या गाडीची हुबेहूब लहान प्रत करायची. माझ्याकडे एकतीस किट आहेत. माजलगावात एवढा संग्रह दुसऱ्या कोणाकडे नसावा. पूर्ण झालेलं मॉडेल: अजून नाही. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर माझ्या हातून आजवर एकही मॉडेल बिघडलेलं नाही. असं किती जण सांगू शकतील?
आई म्हणते, तुझ्या डब्यांपायी माझ्या साड्या पलंगाखाली गेल्या. साड्यांना धुळीपासून धोका नसतो. मॉडेलला असतो.

८ ऑगस्ट
दादाने, म्हणजे मृत्युंजयने, खत-बियाण्याच्या दुकानासाठी नवी पिकअप घेतली. ठेवायला जागा नाही. घरापुढच्या शेडमध्ये वडिलांची, म्हणजे अप्पांची, जीप दोन वर्षांपासून बंद उभी आहे. चेसिस गंजली आहे, पासिंग होणार नाही. दादा म्हणाला, बीडचा एक भंगारवाला न्यायला तयार आहे.
अप्पा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, दसऱ्याला मी पूजा कशाची करू? तुझ्या पिकअपची तू कर.
मी सहज म्हणाले, तीच जीप मी करून देते. लहान. दसऱ्याच्या आत.
अप्पांनी विचारलं, हुबेहूब?
मी सांगितलं, अर्ध्या मिलिमीटरचा फरक सोडला तर हुबेहूब.
अप्पांनी अडकित्ता खाली ठेवला. म्हणाले, मग नेऊ दे म्हणावं त्याला.
त्याच गाडीचं किट माझ्याकडे आधीपासून आहे. सतरा नंबरचा डबा. म्हणजे खरेदीत वेळ जाणार नाही. काम सोपं आहे.

११ ऑगस्ट, रविवार
नियोजन केलं. प्रगती मोजण्याची पद्धत ठरवली: नियोजन, मोजमाप, रंग, साधनं आणि शेवटी जोडणी. जोडणीला पंधरा टक्के वजन दिलं आहे. जोडणी हा यांत्रिक भाग आहे; खरं काम त्याच्या आधी होतं.
सूचनापत्रक पीडीएफमध्ये मिळालं. त्यामुळे डबा उघडायची गरज पडली नाही. उघड्या डब्यातले भाग हरवतात. डबा कानाशी धरून हलवला. आवाज निरोगी आहे.
प्रगती: १५%.

१५ ऑगस्ट
सुट्टी. व्हर्नियर घेऊन जीप मोजली. अप्पा ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसले. मी त्यांना उतरायला सांगितलं, कारण वजनाने स्प्रिंग दबते आणि उंची चुकते. ते म्हणाले, दबू दे, शेवटचीच दबतीया.
डाव्या मडगार्डला पाच सेंटिमीटरचा पोचा आहे. कारण विचारलं. अप्पांना ते थोडक्यात सांगता येत नव्हतं. केजहून येताना एक बैलगाडी, एक लग्नाची वरात आणि पुढच्या सीटवर रडणारी मी, वय पाच दिवस. दवाखान्यातून मला याच जीपमधून घरी आणलं. त्याआधी आईला युसूफ वडगावहून लग्नानंतर याच जीपमधून आणलं. आई आतून ओरडली की तेव्हा जीप तीनदा बंद पडली आणि वऱ्हाडाने ढकलली, तेही सांगा.
ही माहिती मापनाशी संबंधित नसल्यामुळे नोंदवलेली नाही.
पोचा एकास चोवीसमध्ये दोन मिलिमीटर येईल. तोही करणार.
प्रगती: ३०%.

२५ ऑगस्ट, रविवार
रंग. कंपनीच्या बाटलीतला रंग चालणार नाही, जीपचा रंग आता कोणत्याच बाटलीत मिळत नाही. मिसळून काढावा लागेल. चाचणीसाठी आइस्क्रीमचे प्लास्टिकचे चमचे वापरतात. जगभर हीच पद्धत आहे. बसस्टँडजवळच्या दुकानातून शंभराचं पाकीट आणलं. दुकानदाराने विचारलं, कार्यक्रम हाय का? मी हो म्हटलं.
सहा चमचे रंगवून अप्पांना दुकानात नेऊन दाखवले. पहिला: हा तर चहात बुडविलेलं बिस्कुट झालं. दुसरा: सोयाबीन. तिसरा: डागी ज्वारी. चौथ्याला नुसतं न्हाई म्हणाले. पाचवा, सहावा बघितलेच नाहीत. गिऱ्हाईक आलं होतं.
अप्पांच्या अभिप्रायाला एकक नसतं. तरी नोंद ठेवली आहे.

१ सप्टेंबर, रविवार
हवेत दमटपणा ८२ टक्के. अशा हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. आज जोडणी सुरू करायची होती, पण जोडणी आणि रंग यांचं वेळापत्रक एकमेकांत गुंतलेलं आहे, हे बाहेरच्या माणसाला समजत नाही.
दादा म्हणाला, जोडायला कावून कोरडी हवा लागती बे? मी त्याला बे म्हणू नकोस असं सांगितलं. मूळ प्रश्न तांत्रिक असल्यामुळे उत्तर दिलं नाही.
प्रगती: ४०%.

८ सप्टेंबर, रविवार
रंग फवारायच्या एअरब्रशसाठी छोटा कॉम्प्रेसर आला. चालू केला. शेजारच्या केशरबाई भिंतीवरून म्हणाल्या, पंक्चरचं दुकान टाकलं का गं? आईने त्यांना सांगितलं, टाकलं न्हाई, पण हवा भरून मिळंल.
मी बाजारातून परत आले तेव्हा दारात तीन सायकली उभ्या होत्या. आई कॉम्प्रेसर सराईतपणे चालवत होती. म्हणाली, तुझं लई आवाजाचं हाय, पण कामाचं हाय.
साधनं: पूर्ण. प्रगती: ५५%.

१४ सप्टेंबर, शनिवार
पितृपक्षात अप्पा व्यवहार करत नाहीत, म्हणून जीप आजच न्यायचं ठरलं. भंगारवाल्याचा माणूस धुळाजी ट्रॅक्टर घेऊन आला. मी मागची नंबरप्लेट काढून घेतली. प्लेटखाली ऊन न लागलेला मूळ रंग मिळाला, हातभर पट्टा. तंतोतंत नमुना. मोबाइलवर फोटो घेतले, नमुन्यासाठी चकतीएवढा पत्र्याचा तुकडाही कापून घेतला. धुळाजी म्हणाला, ताई, तुमी भंगाराचं बी भंगार करून घेताव.
अप्पांनी बोनेटला कुंकू लावलं. चावी दिली, किचेन काढून ठेवलं. जीप वळणावर दिसेनाशी झाल्यावर दादाने लगेच पिकअप आत घेतली. अप्पांनी मला विचारलं, तुझी कवा व्हणार?
मी म्हणाले, वेळापत्रकाप्रमाणे.
ते म्हणाले, बरं.
या शब्दात काही शंका होती का, हे सांगता येत नाही. नसावी. प्रगती: ६५%.

१९ सप्टेंबर
पितृपक्ष सुरू. या दिवसांत नवं काम सुरू करत नाहीत. मी श्रद्धाळू नाही. पण अप्पांसाठीच मॉडेल करते आहे, तर अप्पांच्या भावनांचा विचार नको का?
अप्पांना तसं सांगितलं. ते म्हणाले, माझी काही हरकत न्हाई, तू कर. मी म्हणाले, नको, तुम्हाला मनातून बरं वाटणार नाही.

२२ सप्टेंबर, रविवार
त्याच जीपचं दुसरं किट मागवलं. पहिल्यात चूक झाली तर हाताशी असावं. विमानाला दोन इंजिनं असतात ती याचसाठी.
दादाने दार उघडून पार्सल घेतलं. म्हणाला, अप्पा, तुमच्या जीपला पिल्लू झालं.

२७ सप्टेंबर
कारखान्यात गळिताच्या आधीची दुरुस्ती जोरात. दिवसभर दाबमापकं तपासली. मुख्य अभियंता म्हणाले, तुम्ही हातात घेतलेलं काम कधी राहत नाही. घरी सांगितलं. दादाला ठसका लागला.
संध्याकाळी सत्तेचाळिसावा चमचा वाळला. अप्पांना दिला. त्यांनी तो दिव्याखाली धरला, मग चप्पल घालून शेडमध्ये गेले. पिकअपच्या बाजूला जिथे जीपचं पुढचं चाक असायचं, तिथे उभे राहिले. तिथे बघण्यासारखं काही नाही, तेलाचा डाग आहे. परत आल्यावर म्हणाले, हाच हाय. नवी आणली तवाचा.
मला बरं वाटलं. रंग: पूर्ण. प्रगती: ८५%. आता फक्त जोडणी.

३ ऑक्टोबर, घटस्थापना
पितृपक्ष संपला. दमटपणा योग्य. रविवारी सुरुवात. एकदा प्लास्टिकला कटर लावलं की मागे येता येत नाही, म्हणून मन स्थिर हवं. रविवारी स्थिर असेल.

६ ऑक्टोबर, रविवार
मैत्रीण स्वप्नाली हिचं डोहाळजेवण, कड्याला. न जाणं बरं दिसलं नसतं. मागच्या वर्षी तिच्या साखरपुड्याला आणि लग्नाला मी मॉडेलच्या कामामुळे गेले नव्हते. एसटीत सगळ्या पायऱ्या मनात करून पाहिल्या. मनात जीप अडतीस मिनिटांत पूर्ण झाली. पोचासुद्धा. एकही चूक नाही.

११ ऑक्टोबर, खंडेनवमी
आज पूर्ण दिवस काढून ठेवला होता. टेबल पुसलं, दिवा लावला. कटर नाही. चिमटा नाही. व्हर्नियर, एअरब्रश काहीच नाही.
सगळं देवघरापुढे पाटावर मांडलेलं. अप्पांचा तराजू, दादाचे पाने, आईची सुरी, विळी आणि मधोमध माझी साधनं, हळदकुंकू लावून. पूजेत ठेवलेली हत्यारं उद्याची पूजा होईपर्यंत उचलायची नसतात. मी आईला म्हणाले, माझी वस्तू घेण्याआधी विचारायला हवं होतं. अप्पांचं काम अडलं.
आई म्हणाली, अगं, तूच तर काल संध्याकाळी आणून दिलीस. मी म्हटलं बी, तुला लागतील, राहू दे. तर म्हणालीस, हत्यारांची पूजा झाली पाहिजे.
हे मला आठवत नाही. आठवतं, पण त्या स्वरूपात नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा
सकाळी दादाने पिकअप धुतली, झेंडूचा हार घातला. अप्पा बाजारातून आले. पिकअपसाठी चार लिंबं आणि वेगळ्या पुडीत आणखी चार, अगदी बारकी. म्हणाले, सगळी टोपली उलटी केली तवा मिळाली. छोट्या गाडीला छोटी. आईने शेवंतीच्या कळ्यांचा बोटभर हार ओवला होता. तो ती मोजून मोजून ओवत होती हे मी कालच पाहिलं होतं, पण कशासाठी ते विचारलं नव्हतं.
मी सांगितलं की एकास चोवीसच्या हिशोबाने लिंबू मोहरीएवढं हवं.
अप्पांनी शेडमध्ये तेलाच्या डागावर पाट मांडला आणि म्हणाले, आण.
मी सतरा नंबरचा डबा आणला. वरचं चित्र चांगलं आहे. अप्पांनी चष्मा लावला, डबा उजेडात फिरवला. मग नख कडेवरून हळूच सरकवलं.
म्हणाले, ह्याचं तर प्लास्टिक बी निघालं न्हाई.
मी प्रगतीची पद्धत समजावून सांगायला सुरुवात केली. पंच्याऐंशी टक्के म्हणजे काय, जोडणीला वजन किती. दादाला हसू आवरेना, म्हणाला, म्हंजी पंच्याऐंशी टक्के चमचे. आईने त्याला डोळ्यांनी गप्प केलं. त्यापेक्षा तो हसलेला बरा होता.
अप्पांनी डबा मला परत दिला, दोन्ही हातांनी, दुकानात गिऱ्हाइकाला देतात तसा. मग म्हणाले, तो चमचा आण बरं. नव्या रंगाचा.
आणला. त्यांनी तो पाटावर ठेवला, कुंकू लावलं, कळ्यांचा हार दांड्यावर घातला. हार लांब झाला. चार लिंबं कुठे ठेवायची हा प्रश्न होता, चमच्याला चाकं नाहीत. अप्पांनी ती चार बाजूंना मांडली. नारळ फोडला. पूजा झाल्यावर गाडी मारुतीच्या देवळापर्यंत फिरवून आणायची असते. अप्पांनी चमचा शर्टाच्या खिशात उभा ठेवला आणि पिकअपमध्ये दादाशेजारी बसले. केशरबाईंनी भिंतीवरून विचारलं, जीप कुठंय अप्पा? अप्पांनी खिशावर हात ठेवला. म्हणाले, हाय की.
संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर त्यांनी पाटावरचं कटर उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवलं. पात्याला कुंकू तसंच होतं. म्हणाले, झाली पूजा, घे आता.
दिवा पुरेसा आहे. दमटपणा ४१ टक्के. पितृपक्ष नाही, खंडेनवमी नाही, उद्या रविवार, कोणाचं डोहाळजेवण नाही. दुसरं किट हाताशी आहे.
तासभर बसले. डब्यावरच्या प्लास्टिकला एक लहान चीर दिली.
चमचा अप्पांनी जीपच्या जुन्या किचेनला अडकवून खुंटीला टांगला आहे. दांड्याला भोक त्यांनी स्वतः पाडलं. मध्यावर नाही, दोन मिलिमीटर डावीकडे आहे.
सुधारित प्रगती: एक चमचा.