बाकाखालचा बॉम्ब

३ मार्च, सोमवार. सकाळी ११
टोपीचा फोन. टोपी म्हणजे आमचा दिग्दर्शक. बंद खोलीतही टोपी घालून बसतो. खाली टक्कल असणार, आणि टकलाच्या खाली भुसा. म्हणाला, सर, वेटिंग रूमचा सीन जमला तर अख्खा पिक्चर तुमच्याकडे, टायटलमध्ये संकलक म्हणून तुमचं एकट्याचं नाव. नाही जमला तर बघू.

बघू! एकोणतीस वर्षं मी पिक्चर कापतोय आणि हा मला बघू म्हणतो. मात्र नाव एकट्याचं पाहिजे. मागच्या तीन पिक्चरना माझ्या नावापुढे 'आणि' लावून कोणीतरी चिकटवला होता. हे आता सहन होणार नाही.

सीन सोपा. बस डेपोची वेटिंग रूम. व्हिलनचा माणूस बाकाखाली बॅग ठेवून जातो. बॅगेत बॉम्ब. हिरोची सात वर्षांची मुलगी त्याच बाकावर येऊन बसते, हिरो तिकिटाच्या रांगेत. शेवटी त्याला कळतं, तो धावतो, पोरीला उचलतो, धडाम.

संकल्प: शनिवारच्या आत सीन तयार. कोणाचं ऐकायचं नाही. चहा दिवसाला दोनच.

४ मार्च, मंगळवार
चहा पाच. पण काम झकास.

माझं तत्त्व पक्कं आहे. ताण पाहिजे तर लपवा. प्रेक्षकाला काही म्हणजे काही सांगू नका. म्हणून बॅग ठेवण्याचा शॉट उडवला. बॉम्बचा क्लोजअप उडवला. मुलगी पाय हलवत बसते आणि तिची टाच बॅगेला लागते, तोही उडवला. आधीच्या शॉटमध्ये तिचा डावा मोजा वर आहे, यात खाली आलाय. असली ढिलाई मी खपवून घेत नाही.

त्यांच्या जागी: पंखा. घड्याळ. गळका नळ. पेंगणारा म्हातारा. परत पंखा.

शेजारी घुमी. माझी असिस्टंट. सहा वर्षं बाजूच्या खुर्चीत बसते आणि तोंड उघडत नाही, म्हणून घुमी. आज उघडलं. म्हणाली, बॅगेत काय आहे हे लोकांना आधीच कळलं, फक्त मुलीला नाही कळलं, तर? मी म्हटलं, मग पोस्टरवरच छापू ना! सहा वर्षांत एकदा बोलली, तेही चुकीचं.

६ मार्च, गुरुवार
सीन सहा मिनिटं चाळीस सेकंद. टोपीने अडीच सांगितली होती. टोपीला काय कळतं.

बायकोला लॅपटॉपवर दाखवला. ती लसूण सोलत बघत होती. दुसऱ्या मिनिटाला विचारलं, ही सगळी कोणाची वाट बघतायत? चौथ्या मिनिटाला, तो नळ कोणी दुरुस्त का करत नाही? धडाम झालं तेव्हा मात्र अशी दचकली की लसूण खाली. मी टाळी वाजवली. म्हटलं, बघ!

तर म्हणते, अहो, कुकरची शिटी झाली तरी मी दचकते. त्याच्या आधी सहा मिनिटं माझा जीव कुठे टांगणीला लागला होता?

मी म्हटलं, तुला सिनेमातलं ओ की ठो कळत नाही. ती म्हणाली, तिकीट काढणाऱ्यांनाही नसतं कळत. अबोला सुरू. माझ्या बाजूनेही.

८ मार्च, शनिवार. दुपारी
मतं गेली खड्ड्यात. शास्त्रीय पुरावा पाहिजे. सासरे दोन दिवसांसाठी आलेत, त्याला तीन आठवडे झाले. त्यांचं ब्लड प्रेशरचं मशीन आहे. आधी मोजलं: १५६/९४. सीन दाखवला. धडाम झालं तरी हलले नाहीत. परत मोजलं: १२८/८०.

सासरे खूश. म्हणाले, जावईबापू, दहा वर्षांत असा आकडा आला नव्हता. तो पंखा फार छान आहे. रोज जेवल्यावर लावत जा.

मशीन बिघडलंय. खात्रीसाठी स्वतःचं मोजलं. १७४/१०६. म्हणजे मशीन ठीक आहे, माणूस निकामी आहे.

१० मार्च, सोमवार
टोपीला सीन दाखवला. शेवटपर्यंत बघितला. मध्ये फोनला हातही लावला नाही. दिवे लागल्यावर त्याने टोपी काढली आणि बराच वेळ डोकं खाजवलं. केस भरपूर आहेत. संताप आला.

अखेर एवढंच म्हणाला, सर, तुम्ही आता चार दिवस आराम करा.

मैदान मारलं! घरी येऊन बायकोला सांगितलं. अबोला तिनेच मोडला. नेमके काय शब्द वापरले, विचारत होती. सांगितले. चादरीची घडी घालता घालता थांबली. मग विचारलं, नावाचं काही बोलला का? मी म्हटलं, कशाला बोलेल, ते ठरलेलंच आहे. बायकांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते.

१२ मार्च, बुधवार
आराम माझ्या रक्तात नाही. स्टुडिओत गेलो. घुमी माझ्या हार्ड डिस्कची कॉपी काढत होती. टोपीने सांगितलंय म्हणे. साहजिक आहे. असा सीन एकाच डिस्कवर ठेवणं धोक्याचं. मी काढून टाकलेले शॉट कुठे ठेवलेत, तेही तिने विचारलं. म्हटलं, घे बाई, कचऱ्याची मालकीण हो. तिने थँक यू म्हटलं. टोमणाही कळत नाही.

१४ मार्च, शुक्रवार
साउंडच्या खोलीत डोकावलो. भोंगा, आमचा साउंडवाला, जमिनीवर बसून लहान पोरीचा बूट एका बॅगेवर हळूहळू आपटत होता. टक. टक. समोर माइक. पन्नाशीचा माणूस! मला बघून बूट पाठीमागे लपवला. विचारलं, बूट कोणाचा? म्हणाला, घुमीच्या मुलीचा.

घुमीला मुलगी आहे?

असो. भोंग्याच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतो. टोपीला सांगितलं पाहिजे. टोपी फोन उचलत नाही. माझा सीन बघितल्यापासून तोंड दाखवायची लाज वाटत असणार.

१७ मार्च, सोमवार
कार्ड लावलं, दार उघडेना. वॉचमन म्हणाला, यादीत तुमचं नाव नाही. कॉम्प्युटरचा घोळ. चाळीस मिनिटं खाली उभा. वॉचमनने त्याचं स्टूल दिलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही माझ्या घरी कोणी गेलंय. आगाऊ. त्याची तक्रार करणार.

घरी सांगितलं. बायको एकदम ओरडलीच. अहो, त्यांनी काढलंय तुम्हाला. मला कळलं, बाबांना कळलं, त्या वॉचमनला कळलं, तुम्हालाच कसं कळत नाही? आणि रडायला लागली.

मी म्हटलं, जळतेस. भारी लागलं तिला. सासरे मशीन घेऊन आतल्या खोलीत गेले. मी जेवलो नाही. कोणी आग्रहही केला नाही.

२० मार्च, गुरुवार
फोनवर निमंत्रण! उद्या दुपारी चारला ट्रायल शो, सहकुटुंब. बायकोच्या नाकासमोर धरलं. म्हटलं, काढलेल्या माणसाला बोलावतात का? तिने माझ्या कोटाचं तुटलेलं बटण लावून दिलं.

संकल्प: टाळ्या वाजल्या तरी उभं राहायचं नाही. नुसती मान हलवायची.

२१ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ७
लिहून टाकतो.

तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची. बायको शेजारी. वेटिंग रूम आली. पहिल्याच शॉटला तो माणूस बॅग ठेवतो. आत काय आहे ते दाखवलं, आकडे दाखवले: एक मिनिट पन्नास. मी म्हटलं, संपलं, सगळं फोडून टाकलं.

मग मुलगी येऊन बसली. संगीत नाही. पंखा नाही, घड्याळ नाही. ती पाय हलवायला लागली आणि टाच बॅगेला लागली. टक. हिरो रांगेत सुटे पैसे शोधतोय. टक. हिरोने तिच्याकडे बघून हात केला. तिने हात केला. टक. पेंगणारा म्हातारा उठला, आता बॅग बघेल असं वाटलं, तर त्याने आपली काठी घेतली आणि गेला. शॉट लहान लहान होत गेले. टक. टक.

मी ओरडलो, अगं, ऊठ की!

मोठ्याने. भर हॉलमध्ये. चारशे वेळा बघितलेला सीन. ती वाचते हे मला पाठ आहे. आणि मी बायकोचं मनगट धरून बसलो होतो. ते लाल झालंय, आत्ताही दिसतंय. मला खरोखर भीती वाटली. मागे वळून कोणी हसलं नाही, कारण सगळे पडद्याकडेच बघत होते.

शेवटच्या टायटलमध्ये 'संकलन' आलं आणि खाली एकच नाव. मला वाटलं, कोण ही? मग लक्षात आलं. घुमी. सहा वर्षांत तिचं आडनाव मी विचारलं नव्हतं.

बाहेर ती समोर आली. घाबरली होती. विचारलं, सर, कसा वाटला? बायको माझ्याकडे बघत होती. टोपी बघत होता, भोंगा बघत होता. मला इतकी लाज वाटली आणि इतका राग आला की मी म्हटलं, बरा आहे, पण शेवटच्या टकनंतर तीन फ्रेम जास्त आहेत.

तिने लगेच वही काढून लिहून घेतलं. म्हणाली, सर, तुम्ही म्हणता म्हणजे असणारच, सोमवारी फायनल कॉपी निघायच्या आधी काढते.

येताना बायकोने विचारलं, खरंच जास्त होत्या? मी रिक्षाला हात केला.

नव्हत्या. एकही नव्हती. त्या तीन फ्रेममध्येच सगळ्या हॉलने श्वास रोखला होता. त्या काढल्या तर सीन मेला.

उद्या तिला फोन करून सांगायला हवं. नंबर माझ्याकडे नाही. टोपीकडे मागावा लागेल.