पुढच्या खोलीतला माणूस

आई,

उद्या सकाळी त्याला घरी आणायचं आहे आणि आज माझे हात कुठेच थांबत नाहीत. पुढची खोली झाडून झाली, पलंग खिडकीशी लावला, तोंडावर ऊन येईल म्हणून परत भिंतीशी सरकवला. तू गेलीस तेव्हा तुझा जावई निदान या घरात तरी होता. नंतर तो दुसऱ्या बाईबरोबर राहायला गेला. लेक तेव्हा शाळेत होती, त्याने तिच्याकडेसुद्धा वळून पाहिलं नाही. आता ती बाई नाही, साखरेच्या दुखण्यात त्याचा एक पाय कापावा लागला आहे, आणि हॉस्पिटलने मला फोन केला, कारण कागदोपत्री बायको अजून मीच. लेक म्हणते, "मम्मी, तुझी काही जबाबदारी नाहीये, ओके? सेंटर्स असतात अशा लोकांसाठी." तिचं चुकत नाही. मी मात्र फोनवर हो म्हणून बसले, आणि तेव्हापासून तुझ्यावर चिडले आहे.

तुझ्यावर, कारण हे असलं करणं मी तुझ्याकडेच पाहिलं. पप्पांनी कॉलेजात असताना बाप्तिस्मा घेतला आणि पेठेतल्या आजोबांनी जिवंत मुलाच्या नावाने आंघोळ केली. पप्पा आजारी पडले तेव्हा तू आजोबांना निरोप धाडलास, पप्पा गेले तेव्हाही धाडलास. कोणी आलं नाही. मी दहावीत असताना तेच आजोबा, डावं अंग लुळं पडून, तू जिथे सिस्टर होतीस त्याच वॉर्डात दाखल झाले. धाकटे काका त्यांना भरती करून बदलीच्या गावी निघून गेले. घरी सोडायची वेळ आली तेव्हा न्यायला कोणीच नव्हतं. तू त्यांना रिक्षात घालून विश्रांतवाडीला आणलंस आणि मला म्हणालीस, "हे तुझे आजोबा. पाया पड."

अंग गेलं होतं, जीभ शाबूत होती, आणि ती पेठेतली जीभ होती. तुझ्या हातचं ते खाणार नव्हते. तू वाद घातला नाहीस, शेजारच्या काकूंना गळ घातलीस, आणि त्यांच्या घरून दोन्ही वेळचा वरणभात येऊ लागला. पहिल्या दिवशी तू पाण्याचा पेला पुढे केलास तर आजोबा त्याच्याकडे नुसते बघत राहिले. तू म्हणालीस, "पाणी खडकवासल्याचं आहे, मामंजी. तुमच्या पेठेत येतं तेच." ते प्यायले, पण "बरं" म्हणाले नाहीत.

मला तो दिवस आठवतो, ज्या दिवशी त्यांचे कोणी जुने स्नेही भेटायला आले होते. तू नुकतीच ड्यूटीवरून येऊन त्यांना पुसून काढलं होतंस, कपडे बदलले होतेस. स्नेह्यांनी तुझ्याबद्दल विचारलं तेव्हा आजोबा म्हणाले, "नर्स आहे. बरी आहे." तू स्वयंपाकघरात आलीस. अजून डोळ्यांपुढे आहे ते, तू ओट्याला टेकून खाली बसली आहेस, युनिफॉर्म अंगावर तसाच, पाठ माझ्याकडे. शेगडीवर कुकरची शिट्टी होते आणि तू उठत नाहीस. म्हणतेस, "आज माझ्याच्यानं होत नाही. त्यांचं ताट तू दे." मी ताट दिलं. परत आले तर तू तोंड धुऊन स्वच्छ चादर घेऊन निघाली होतीस. मी रागाने विचारलं, इतकं प्रेम कुठून आणतेस. तू म्हणालीस, "प्रेम कुठलं येतंय? प्रेम यायची वाट बघत बसले असते तर त्यांची पाठ सडली असती. मी चादर बदलते. बाकीचं प्रभूनं बघावं, मला नाही जमत." एवढीच प्रार्थना मी तुझ्या तोंडून त्या दिवसांत ऐकली. तिला प्रार्थना म्हणायचं का, हेही मला अजून ठरवता येत नाही.

चर्चच्या मंडळीतल्या बायकांना वाटत होतं, आजोबा आता आपलेच झाले. पाळकसाहेब घरी आले, म्हणाले, आत्मा वाचवायची हीच वेळ आहे. तू आजोबांना सरळ विचारलंस, बाप्तिस्मा हवा का. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. तू पाळकसाहेबांना चहा दिलास आणि म्हणालीस, "देवानं माझ्यावर कृपा केली तेव्हा कुठे काही लिहून घेतलं होतं? मी यांच्याकडून कसं घेऊ?" त्यानंतर कित्येक रविवार बायका तुझ्या बाकावर बसल्या नाहीत. तू मात्र नेहमीच्याच बाकावर बसत राहिलीस, थोडी अंग चोरून.

आणि ती दुपार. आजोबांनी तुला हाक मारली आणि विचारलं, "तो कसा गेला?" तू पलंगाच्या कडेला बसून सगळं सांगितलंस, पप्पांचा ताप, पप्पांची धाप, सगळं. शेवटी त्यांनी विचारलं, "माझं काही म्हणाला?" मी दारात उभी होते. मला वाटलं, आता तू म्हाताऱ्याला बरं वाटेल असं काहीतरी सांगशील. तू म्हणालीस, "तुमची वाट बघितली, मामंजी." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तू उठून गेली नाहीस. त्यांच्या लुळ्या हातावर हात ठेवून उजेड कमी होईपर्यंत बसून राहिलीस, आणि त्यांनी तो हात काढायला सांगितलं नाही. पुढे ते गेले ते काकूंचाच भात खाऊन, काकूंनीच आणलेलं गंगाजल तोंडात घेऊन. ते तू पाजलंस. मला इतकी वर्षं वाटे की तू त्या दुपारी सूड घेतलास. कधी वाटे की त्यांना खरं सांगण्याइतकं आपलं मानणारी तू एकटीच होतीस. आजही मी या दोन्हींमध्ये हेलकावते आहे.

मला तुझ्यासारखं खरं बोलता येईल का, ठाऊक नाही. त्याने विचारलं, तू माझी वाट पाहिलीस का, तर काय सांगू? या रविवारी उपासनेत सगळे उभे राहून गात होते आणि मी माझ्या पायांकडे बघत होते. बाहेर पडताना आताचे तरुण पाळक म्हणाले, त्यांना घरी आणताय, तुमचा विश्वास मोठा आहे. मी हसले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, कोण वाचणार, म्हणून खरं ते लिहिते. विश्वास वगैरे काही नाही, आई. लेक परगावी राहायला गेल्यापासून मी उभ्यानेच ओट्यापाशी जेवते. हॉस्पिटलच्या फोनवरच्या मुलीने विचारलं, घरी कोण कोण असतं, आणि "मी एकटीच" म्हणायचं जिवावर आलं, म्हणून मी हो म्हणाले.