वहीतली कोरी पट्टी

सक्करदरा, नागपूर
दसऱ्याला बावीस दिवस बाकी

प्रिय गोपिके,

सप्रेम जयभीम. पत्र पाहून दचकू नको वं, घरी सगळे धडधाकट आहेत. फोन असताना या म्हाताऱ्यानं पत्र काहून लिहिलं, असं तुझ्या मनात आलंच असेल. फोन चारदा हातात घेतला आणि चारही वेळा तुला पाऊसपाणी विचारून ठेवून दिला. कागदावर मी जरा बरा बोलतो. जन्मच कागदात गेला ना माझा.

दरसालासारखी तू पाठवलेली मिरची पोचली. यंदाची भलतीच जहाल आहे. काजलनं हौसेनं ठेचा केला आणि पहिल्याच घासाला घरभर नाचली. म्हणते, "आजोबा, भिवापूरवाली आजी तुमच्यावर कशाचा राग काढून राहिली?" मी हसलो, पण तिचं ते बोलणं दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. का गेलं नाही, ते पुढं येईलच.

तुला ठाऊक आहे, छापखान्यातून रिटायर झाल्यापासून मी आपल्या घराण्याची वही लिहितो आहे. शिक्षण सातवीपर्यंतचं, पुढचं जे काही आलं ते लोकांची पुस्तकं शिवता शिवता, पानं चोरून वाचून आलं. म्हाताऱ्या माणसांच्या दारी जाऊन बसायचं, चहा प्यायचा आणि विचारायचं. आपण कुठून आलो, कोणत्या विहिरीवर आपल्याला पाणी भरू देत नव्हते, गिरणीत कोण कोणत्या खात्यात होतं. दहा वर्षं हेच केलं. काजल म्हणते, मी सगळं फोनमध्ये घेते, मग शंभर वर्षं कुठं जात नाही. मी म्हटलं, बाई, मागचा फोन बादलीत पडला तेव्हा तुझ्या भावाच्या बारशाचे फोटो कोणत्या शंभर वर्षांत गेले? माझ्या चिकटवायच्या खळीत मोरचूद असतो. वाळवी त्या वहीच्या वाटेला जायची नाही. इतवारीतून चांगलं जाड कापड आणलं, पानं शिवून झाली. नुसता पुठ्ठा चढवायचा राहिला आहे. पण महिना झाला, हात धजत नाही.

पहिल्या पानावर काय आहे ते तुला तोंडपाठ आहे. छप्पनचा दसरा. माय, बाबा आणि लहानूकाका गावाहून दोन दिवस पायी चालत नागपूरला आले, पांढरे कपडे घालून, सोबत तान्हं लेकरू. बाबासाहेबांच्या शब्दासरशी लाखो माणसं उभी राहिली आणि त्यांच्यात हे आपले तिघे नि ते लेकरू. ते लेकरू म्हणजे मी. दर दसऱ्याला सगळं गोत आमच्याकडं जमतं, मला पुढच्या खुर्चीवर बसवतात, गळ्यात पांढरं उपरणं, "दीक्षेचं लेकरू" म्हणून पहिली मेणबत्ती माझ्या हातची. लोक पाया पडतात आणि मीही मेला ऐटीत बसतो. तू तेव्हा आत वडे तळत असतेस.

तर झालं असं. काजलच्या जात-पडताळणीसाठी कोतवाल बुकाची नक्कल हवी होती. गावचा कोतवाल जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवायचा, ते बुक. त्यात लेकराचं नाव नसतं. तारीख, बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी, एवढंच. आम्हाला हवी होती जुनी नोंद, ती मिळाली. पण मला खोड ना! कचेरीतल्या बाबूला म्हटलं, भाऊ, जरा पुढची पानं पाहू दे, माझा जन्म शोधतो. सापडलं ते असं. जानेवारी छप्पन, रुपराव, मुलगी. मग सप्टेंबर सत्तावन्न, रुपराव, मुलगा. आमच्या गावात बाबांशिवाय दुसरा रुपराव नव्हता. मायला माहेर उरलं नव्हतं, म्हणून तिची बाळंतपणं गावी आजीकडंच झाली, हे मीच वहीत लिहून ठेवलं आहे.

मी दोनदा चष्मा पुसला. आधी वाटलं, कोतवालानं घाईत मुलाची मुलगी केली. पण मग सत्तावन्नचा मुलगा कोण? शाळेत माझा जन्म एक जुलै छप्पन लागला आहे. मास्तरांनी वय विचारलं तेव्हा बाबा म्हणाले असतील, दीक्षेच्या साली लेकरू होतं घरात. मास्तरांनी एक जुलै ठोकून दिली. बाबांनी जाणून तसं सांगितलं की चुकून, ते कळायला आता मार्ग नाही. काजल लोळून लोळून हसली. "म्हणजे आजोबा, मास्तरनं तुम्हाले चौदा महिने आधीच रिटायर केलं!" मला काही हसू येईना. मी जर तेव्हा जन्मलोच नव्हतो, तर मायसोबत होतं कोण? आणि ती मुलगी गेली कुठं? मृत्यूच्या नोंदी साठ सालापर्यंत पाहिल्या, तीन वेळा पाहिल्या. ती कुठं मेलेली नाही.

मग लहानूकाकांकडं गेलो. नव्वदीला टेकले, पण बोलणं अजून कोयत्यासारखं. मी विचारलं तर म्हणाले, "तू कुठचा गा तवा? तू तं जनमलाच नव्हता. पोरगी होती. तुही माय थकली तं मीच खांद्यावर घेतली तिले. माह्या पांढऱ्या सदऱ्यावर मुतली ते, अन् सदरा मांगून आणलेला!" मी म्हटलं, काका, मग सत्तर वर्षं बोलले काहून नाही? तर म्हणे, "इचारलं कोनं?" खरंच की. दहा वर्षं साऱ्या गोताला विचारत हिंडलो आणि जे मला माहीत आहे असं वाटत होतं, तेवढंच नेमकं विचारलं नाही. पुढं काका आणखी एक वाक्य बोलले. ते लिहायला मला अजून जरा वेळ दे.

गोपिके, तेव्हापासून मला जुन्या गोष्टी उलट्या दिसू लागल्या आहेत. दीक्षेची गोष्ट निघाली की माय उठून चुलीकडं जायची. मला वाटायचं, तिला हजारदा ऐकून कंटाळा आला. लहानपणी तू सुट्टीत तुझ्या आईसोबत, आमच्या तुळसामावशीसोबत आलीस की कुस्तीत मला लोळवायचीस. म्हणायला मी तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तरी तू हातभर उंच. मावशी म्हणायची, "पोरी लवकर वाढतात, तू भाकर खा." माय तुझी वेणी घालायला बसली की तासभर उठायची नाही. मी चिडायचो, तर म्हणायची, "दोन दिवसाची पाहुणी हाय रे ते." आणि माय गेली त्या दिवशी तू तिच्या पायाशी बसलीस ती उठेचना. सगळ्या बाया कुजबुजल्या, भाचीला एवढं? मावशीनं येऊन तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "रड, पोटभर रड. तुह्या हक्काचं आहे." ते मी ऐकलं होतं. खरं सांगतो, मला तेव्हा राग आला होता. पोटचा पोरगा मी, आणि हक्क हिचा?

आता लिहितोच. मी काकांना विचारलं, ती पोरगी मग कुठं गेली? काका तंबाखू मळत होते. मान वर न करता म्हणाले, "जाईन कुठं? दरसाली मिरच्या पाठोते ना तुले."

काखेत कळसा म्हणतात तो हाच. काका सांगतात, दीक्षेनंतर बाबांना नागपुरात गिरणीत काम लागलं, एक खोली, मायला माझे दिवस गेलेले आणि मावशीची कूस अकरा वर्षं रिकामी. पोरगी मावशीनं वाढवायची, असं दोघी बहिणींनी आपसात ठरवलं, पुरुषांना नंतर सांगितलं. तुला हे ठाऊक आहे का, मला ठाऊक नाही. ठाऊक असेल, तर इतकी वर्षं माझ्या खुर्चीमागं वडे तळताना तू काय काय गिळलंस, आणि नसेल, तर मी सत्तरीच्या बाईला कोणत्या तोंडानं हे सांगतो आहे? खरं लिहावं तर मावशी तुझी आई म्हणून जगली, तुझ्या हातचं पाणी पिऊन गेली, तिचं आईपण कागदावर खोडायचा मला काय अधिकार? झाकली मूठ ठेवावी तर काजलची लेकरं उद्या पहिल्याच पानावर खोटं वाचतील, तेही मोरचूद घातलेलं, न सडणारं. मला काहीच उमगत नाही. म्हणून हे पत्र. पुढं पान वाढवायचं असेल तर आम्ही बाइंडर शिवतानाच मधे एक अरुंद कोरी पट्टी सोडतो, तिला नंतर पान चिकटवता येतं. माय-बाबांच्या पानाशेजारी मी तशी पट्टी सोडली आहे. मावशीच्या पानावरचं तुझं नाव जिथल्या तिथं आहे, ते मी हलवणार नाही. तू हो म्हटलंस तर तुझं पान पट्टीला लावीन, तुझ्याच अक्षरात, तुला वाटेल तेवढंच. नाही म्हटलंस तर पट्टी कोरीच राहील. पुढं कधी कोणी वही उसवून पुन्हा शिवेल तेव्हा विचारील, इथं पान कोणाचं होतं. तोवर पुठ्ठा चढत नाही. दसऱ्याला मात्र ये. वडे काजल तळील, कच्चे राहिले तर राहिले. त्या खुर्चीवर मी आता बसू शकत नाही, आणि ती रिकामी दिसली तर लोकांना काय सांगू, तेही तूच सांग, ताई.

तुझाच,
वीस महिन्यांनी धाकटा
शालिक