गाळलेली गंगा

दि. ४ एप्रिल, अंबड
डॉक्टरांनी सौ.ला घरी नेण्यास सांगितले. नवे औषध लिहून दिले नाही. दुपारी तिने गंगेचे पाणी मागितले. तिचे माहेर घनसावंगीच्या बाजूस, गोदाकाठी; तिकडे गोदावरीलाच गंगा म्हणतात.

दि. ५
आमची नात चि. अश्विनी एम.एस्सी.च्या अभ्यासासाठी आजीच्या माहेरच्याच घाटावरून पाण्याच्या बाटल्या भरून आणते. फ्रिजमध्ये भाजीपेक्षा त्याच अधिक. यांतील एक आजीला दे म्हणालो. तिने साफ नकार दिला. शेतांतील खत नदीत उतरते, त्यावर डोळ्यांस न दिसणारे शेवाळ माजते, त्यातील काही विषारी, असे समजावले. मरणाऱ्याच्या मुखी गंगा घालताना पाणी तपासण्याची रीत आपल्यात नाही, असे मी सुनावले.
"आजी अजून हाय, आबा."
जेवण गेले नाही.

दि. ७
चि.ने ताजे पाणी आणले. बारीक छिद्रांच्या कागदातून गाळले, कोळशातून काढले, उकळले. कागदावर हिरवा थर राहिला. खाली पाणी काचेसारखे. सौ.च्या मुखात चमचाभर घातले. तिने जिभेवर घोळवले.
"ही गंगा न्हाई. नळाचं हाय."
गंगेचेच आहे, केवळ शुद्ध केलेले आहे, असे मी सांगितले. ती नातीकडे वळली.
"तुजे आबा चौथी शिकले, अन् बोलतेत कलेक्टरावानी."
चि. हसली. मग मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली, बराच वेळ.

दि. ८
सौ.चे अन्न बंद.
चि. कालचा हिरवा कागद सुकवीत होती. मी हातात घेऊन वास घेतला. ओला, मातकट. लग्नानंतर प्रथम सासुरवाडीस गेलो तेव्हाचा घाट, आणि ती पदर खोचून... असो.
चि. म्हणते, हा वास शेवाळाचाच. पूर्वीही असे, थोडे. आता माजले आहे. म्हणजे जे गाळून टाकले, तेच सौ. मागत होती.

दि. ९
सायंकाळी चि. न सांगता घाटावर जाऊन आली. न गाळलेले पाणी तांब्यात ओतून माझ्यापुढे ठेवले. किंचित हिरवे आहे. वर तुळशीचे पान तिनेच ठेवले.
"मला न्हाई जमणार, आबा. तुमी ठरवा."
या घरातील प्रत्येक निर्णय आजवर मीच घेतला. त्याचा मला अभिमान होता.
सौ.चे डोळे मिटलेले आहेत, परंतु ती जागी आहे. आताच विचारले, आणलं का.
चमचा धुऊन घेतला आहे. उत्तर अद्याप दिलेले नाही.